आगंतुकांचे दप्तर

समुद्र कितीही दूरचा असला तरी तो इतर समुद्रांना मिळालेला असतो, आणि नदीला वर उगम व खाली मुख असल्यामुळे तिच्यातील जीवांना ये-जा करण्यास वाट असते. तळ्याचे मात्र तसे नाही. चहूंकडून जमिनीने वेढलेले गोडे पाणी जीवसृष्टीच्या दृष्टीने बेटाइतकेच एकाकी असते. त्यात पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या सहवासाने व एकमेकांच्या धाकाने राहिलेल्या मासे, शिंपले, शेवाळे व पाणवनस्पती यांचा जो संसार जमून गेलेला असतो, त्यात ज्याच्याशी कोणाच्याही पूर्वजांची गाठ पडलेली नाही असा एखादा जीव येऊन दाखल झाला, तर त्याच्यापासून पळावे कसे, त्याला खावे कसे किंवा त्याच्या सावलीत जगावे कसे, हे त्यांपैकी कोणालाच अवगत नसते. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा एक टक्काही भाग गोड्या पाण्याने व्यापलेला नाही, आणि तरीही माशांच्या ज्ञात जातींपैकी जवळजवळ निम्म्या जाती त्याच पाण्यात राहतात, हे ध्यानात घेतले म्हणजे तळ्यातील उलथापालथ ही केवळ कोळ्यांची व पाणीपुरवठा खात्याची काळजी नव्हे, हे उघड होईल.

या विषयावर मुलांसाठी जे काही लिहिले जाते ते बहुधा राक्षसकथेच्या वळणाने जाते. तळे रम्य असते, त्यात एके दिवशी एक अक्राळविक्राळ मासा शिरतो, तो सर्वांना गिळंकृत करतो, आणि अखेरीस शास्त्रज्ञ नावाचा राजपुत्र येऊन त्याचा निःपात करतो. ही कथा रंजक असली तरी तीत मुख्य पात्रच गाळलेले असते, ते म्हणजे तो मासा आणणारा माणूस. सरोवरांच्या इतिहासात जितके मागे जावे तितके असे दिसून येते, की जवळजवळ प्रत्येक उपद्रवी आगंतुकाच्या पाठीमागे कोणाचा तरी हेतू, कोणाची तरी हौस, निदान कोणाचा तरी निष्काळजीपणा असतो. तो हेतू बहुतेक वेळा सद्धेतूच असतो. आणि पुष्कळदा त्याची रीतसर मंजुरी, वाहतुकीचा खर्च व सोडल्याची तारीख कोणत्या तरी खात्याच्या दप्तरात अद्याप पडून असते. प्रस्तुत संग्रहाच्या संपादकांनी प्रस्तावनेची कामगिरी मजकडे सोपविली ती मी स्वीकारली याचे कारण इतकेच, की या पुस्तकातील लेखकांनी माशाची नांगी आणि दात दाखविण्याच्या भरात हे दप्तर उघडायचे टाळलेले नाही.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. परका जीव म्हणजे उपद्रवी जीव, असे समीकरण कुमार वाचकांच्या मनात सहज तयार होते व ते चुकीचे आहे. आपली ज्वारी मूळची आफ्रिकेची, मिरची व बटाटा अमेरिकेचे. इतकेच काय, महाराष्ट्रातील असंख्य तलावांत ज्यांचे बीज वर्षानुवर्षे सोडले जाते ते रोहू, कटला व मृगळ हे मासेही मुख्यतः गंगेच्या खोऱ्यातून दक्षिणेत आणलेले आहेत. जैवविविधता व परिसंस्थांविषयीच्या आंतरशासकीय मंचाने २०२३ साली जो विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला त्यानुसार मानवी व्यवहारामुळे मूळ प्रदेशाबाहेर जाऊन स्थिरावलेल्या जाती ३७,००० हून अधिक आहेत, आणि त्यांपैकी ज्यांचे दुष्परिणाम नोंदले गेले आहेत अशा जाती सुमारे ३,५०० आहेत. म्हणजे बहुतेक पाहुणे निमूटपणे एका कोपऱ्यात राहतात. परंतु उरलेले थोडके काय करू शकतात याची कल्पना त्याच अहवालातील दुसऱ्या आकड्यावरून येते : जगात ज्या प्राणी-वनस्पती नामशेष झाल्याची नोंद आहे, त्यांपैकी ६० टक्क्यांच्या बाबतीत अशा आगंतुकांचा, एकट्याने किंवा इतर कारणांच्या जोडीने, हात होता.

आगंतुक जीवांचे हे शास्त्र वयाने लहान आहे, पण ज्या उद्योगामुळे ते जन्माला आले तो उद्योग मात्र जुना आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास युरोपात एक मोठे विलक्षण वेड पसरले होते. एका खंडातील उपयुक्त किंवा शोभिवंत प्राणी दुसऱ्या खंडात नेऊन रुजविणे हे तेव्हा सुधारणेचे व परोपकाराचे लक्षण मानले जाई; १८५४ साली पॅरिसमध्ये प्राणिशास्त्रज्ञ इझिदोर जॉफ्रुआ सांतिलेर यांच्या पुढाकाराने या कार्यासाठी एक संस्थाच निघाली, आणि लवकरच इंग्लंडात व ऑस्ट्रेलियात तिची भावंडे उभी राहिली. काश्मीरच्या ओढ्यांत ट्राउट मासा पोहोचला तो याच मनोवृत्तीच्या साहेबांच्या गळाच्या हौसेपायी. या उत्साहाचा हास्यास्पद कळस पाहायचा असेल तर १९१० साली अमेरिकेच्या काँग्रेसपुढे आलेले एक विधेयक पाहावे. लुइझिआनाच्या जलमार्गांत जलपर्णी माजली होती. ती खाऊन टाकण्यासाठी आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, आणि मागाहून मांसाच्या टंचाईवरही त्यांचाच इलाज करावा, अशी त्यात योजना होती. विधेयक मंजूर झाले नाही, हे अमेरिकेचे भाग्य. झाले असते तर या पुस्तकाला आणखी एक प्रकरण जोडावे लागले असते.

या घटनांकडे एक सलग विषय म्हणून पाहण्याचा पहिला समर्थ प्रयत्न ऑक्सफर्डचे चार्ल्स एल्टन यांनी केला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनच्या अन्नसाठ्यांचे उंदीर-घुशींपासून रक्षण करण्याच्या संशोधनात गुंतलेल्या या प्राणिशास्त्रज्ञाने १९५७ साली रेडिओवर तीन व्याख्याने दिली आणि त्यांतूनच पुढल्या वर्षी त्यांचा सुप्रसिद्ध ग्रंथ तयार झाला. जेथे जातींची समृद्धी अधिक तेथे बाहेरच्याला शिरकाव मिळणे अवघड, आणि जेथे माणसाने ही समृद्धी आधीच मोडून ठेवली आहे तेथे दार सताड उघडे, असा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा. ग्रंथाची भाषा युद्धाची होती व ती या शास्त्राला कायमची चिकटली. आज ज्या निरनिराळ्या विचारसरणी दिसतात त्यांतील काही एल्टन यांचाच धागा पुढे नेतात, तर काही तो तोडू पाहतात. एक पक्ष म्हणतो, की आगंतुक माजतो याचे कारण त्याचे मायदेशातले शत्रू, म्हणजे त्याला कुरतडणारे किडे व त्याला जडणारे रोग, मागे राहिलेले असतात. दुसरा म्हणतो, की गुणावगुणांपेक्षा किती जीव किती वेळा सोडले गेले यावरच यशापयश अवलंबून असते. १९९९ साली डॅनियल सिंबरलॉफ व बेट्सी व्हॉन होल यांनी असे दाखवून दिले, की एक परका दुसऱ्या परक्याची वाट सुकर करतो आणि त्यामुळे संकट बेरजेने न वाढता गुणाकाराने वाढू शकते. याच्या उलट मार्क डेव्हिस व त्यांच्या अठरा सहकाऱ्यांनी २०११ साली ‘नेचर’ या नियतकालिकात असा सवाल केला, की जीवाची पारख त्याच्या जन्मस्थानावरून का करावी, त्याच्या वर्तनावरून का करू नये? या सवालाला सिंबरलॉफ यांच्यासह शंभरावर शास्त्रज्ञांनी सह्यांनिशी उत्तर धाडले. मला स्वतःला दोन्ही पक्षांचे म्हणणे आपापल्या जागी रास्त वाटते. मात्र तळ्यांपुरते बोलायचे तर वर्तन कळून येईपर्यंत वेळ हातची गेलेली असते, आणि म्हणून माझा कल सावधगिरीच्या बाजूला आहे.

वेळ हातची जाते म्हणजे काय, हे आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवराइतके स्पष्टपणे दुसरीकडे कोठे दिसत नाही. सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर पसरलेल्या या सरोवरात बोटभर लांबीच्या, विविध रंगांच्या, सिक्लिड कुळातील माशांच्या शेकडो जाती भूशास्त्राच्या हिशेबाने अगदी अल्पावधीत उत्पन्न झाल्या होत्या. त्यांतील कोणी शेवाळ खरवडून खाई, कोणी गोगलगाई फोडी, तर कोणी दुसऱ्या माशांची पिल्ले त्यांच्या आयांच्या तोंडातून हिसकावून घेई. वसाहतीच्या अंमलदारांना हे मासे क्षुल्लक व काटेरी वाटत. दोनशे किलोपर्यंत वाढणारा नाईल पर्च या सरोवरात सोडला तर या निरुपयोगी मासळीचे रूपांतर विकाऊ मासळीत होईल, असा त्यांचा हिशेब होता. जेफ्री फ्रायर या शास्त्रज्ञाने १९६० साली या बेताविरुद्ध लेखी हरकत घेतली. परंतु वादाचा निकाल लागण्यापूर्वीच, १९५४ च्या सुमारास, युगांडाच्या बाजूने पर्च पाण्यात पडलेला होता. पुढे वीस-पंचवीस वर्षे फारसे काही घडले नाही. मग १९८० च्या दशकात त्याची संख्या एकदम फुगली, आणि सिक्लिडांच्या सुमारे दोनशे जाती दिसेनाशा झाल्या.

येथवरची कथा पुष्कळांना माहीत असते. पुढची मात्र क्वचितच सांगितली जाते. किनाऱ्यावरची माणसे पूर्वी लहान मासे उन्हात वाळवीत असत. पर्च तेलकट असल्यामुळे तो धुरावर शिजवावा लागे, त्यासाठी झाडे तोडली गेली, आणि उघड्या पडलेल्या मातीबरोबर शेतांतील व गावांतील पोषकद्रव्येही सरोवरात येऊन पाणी गढूळ झाले. सिक्लिडांच्या माद्या नराची निवड त्याच्या रंगावरून करतात. गढूळ पाण्यात रंग दिसेना, त्यामुळे भिन्न जातींचे संकर होऊ लागले, आणि ज्या जाती पर्चच्या दातांतून सुटल्या होत्या त्यांपैकी काही या धूसरपणात विरून गेल्या. दुसरीकडे पर्चच्या तुकड्यांवर प्रक्रिया करणारे कारखाने निघाले, युरोपात निर्यात सुरू झाली व हजारो कुटुंबांना रोजगार मिळाला. तेव्हा अंमलदारांचा हिशेब सपशेल चुकला असे म्हणता येत नाही. त्यांनी जमेची बाजू तेवढी मांडली होती आणि खर्चाची बाजू मांडायला त्यांना कोणी भाग पाडले नाही.

उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांची हकीकत निराळ्या जातीची आहे, कारण तेथे आगंतुकाला कोणी मुद्दाम बोलाविले नव्हते, फक्त दार उघडून दिले होते. नायगराचा धबधबा हा वरच्या चार सरोवरांचा निसर्गदत्त कोट होता. जहाजांसाठी १८२९ साली वेलंडचा कालवा निघाला, पुढे तो रुंद व खोल करण्यात आला, आणि १९२१ साली ईरी सरोवरात समुद्री लॅम्प्रे आढळला. या प्राण्याला जबडा नसतो. वाटोळ्या तोंडात वर्तुळाकार दात असतात, त्यांनी तो माशाला चिकटून त्याचे रक्त शोषितो. १९३८ पर्यंत तो थेट सुपीरियर सरोवरात पोहोचला आणि सरोवरातील ट्राउटचा धंदा बसला. १९५५ साली अमेरिका व कॅनडा यांनी संयुक्त आयोग नेमला. सुमारे सहा हजार रसायने तपासल्यावर लॅम्प्रेच्या अळ्यांना मारणारे, पण इतरांना फारसे न बाधणारे एक द्रव्य सापडले. आजही ते ओढ्यांतून नियमाने सोडावे लागते. खंड पडला की लॅम्प्रे डोके वर काढतो. १९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात सापडलेला झेब्रा शिंपला तर जहाजाच्या पोटात, तोल सांभाळण्यासाठी भरलेल्या पाण्यातून, काळ्या समुद्राच्या बाजूने आला. तो दिवसाकाठी जवळजवळ लिटरभर पाणी गाळतो, पाणी काचेसारखे स्वच्छ होते, आणि पाहणाऱ्याला वाटते सरोवर सुधारले. वस्तुतः माशांच्या पिल्लांचे अन्नच गाळून गेलेले असते. जहाजांतील हे तोलाचे पाणी कोठे व कसे सोडावे याविषयी २००४ साली आंतरराष्ट्रीय करार झाला व तो २०१७ साली अमलात आला.

आता आपल्याकडे वळू. दक्षिण अमेरिकेतील जलपर्णी, जिला कोल्हापुराकडे केंदाळ म्हणतात, तिची जांभळी फुले पाहून ती कोणी तरी हौसेने आणली. बंगालमध्ये तिने भातशेती व नौकानयन यांची इतकी दैना केली, की १९३६ साली तिच्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. रंकाळा, पवई, पाषाण या तलावांवर हिरव्या सतरंजीसारखी पसरलेली ती आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्या बियाण्याला मारून किंवा यंत्राने तिला उपसून काम भागत नाही, कारण तिचा खरा खुराक म्हणजे गटारातून येणारे नत्र व स्फुरद. ते बंद न करता दरसाल उपशाचे टेंडर काढणे म्हणजे ठेकेदाराला पेन्शन बांधून देणे होय. आफ्रिकी चिलापी १९५२ साली देशात आणली गेली ती अन्नटंचाईच्या दिवसांत, गरिबाच्या ताटात मासा पडावा म्हणून. हिवतापाच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९२८ साली गंबुसिया मासा आला. त्याने अळ्यांबरोबर देशी चिमुकल्या माशांच्या पिल्लांवरही ताव मारला. हौदातील काचेवरचे शेवाळ साफ करणारा सकर मासा कंटाळलेल्या शौकिनांनी ओढ्यांत व तळ्यांत सोडून दिला, आणि आता त्याच्या चिलखती अंगामुळे कोळ्यांची जाळी फाटतात.

चिलापीचे उदाहरण मला विशेष उद्बोधक वाटते. मादी अंडी तोंडात धरते. पिल्ले बाहेर पडल्यावरही धोका दिसताच ती पुन्हा आईच्या तोंडात शिरतात. ज्या माशांची अंडी उघड्यावर पडतात त्यांच्याशी स्पर्धेत असा मासा हरणे कठीणच. भीमेवरील उजनीच्या जलाशयात आज तिचेच राज्य आहे, आणि भिगवणच्या बाजारात तिच्या टोपल्यांवरच कित्येक घरांची चूल पेटते. चिलापी हटवा असे म्हणणाऱ्याने त्या कोळ्याला दुसरे काय पकडशील, हे सांगितले पाहिजे. याउलट थाई मांगूर नावाने विकला जाणारा आफ्रिकी मासा बंदी असूनही चोरून पाळला जातो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानंतर महाराष्ट्रात त्याची तळी उद्ध्वस्त करण्यात आली. कोणता जीव सोसावा व कोणत्याचा बंदोबस्त करावा, हे प्रत्येक तळ्यागणिक ठरवावे लागते.

उपायांपैकी सर्वांत बोधप्रद हकीकत साल्व्हिनिया या तरंगत्या नेच्याची आहे. केरळात ‘आफ्रिकन पायल’ या नावाने ओळखली जाणारी ही वनस्पती वस्तुतः आफ्रिकेची नाही. तिची गणना आधी दुसऱ्याच एका जातीत होत असल्यामुळे तिचे शत्रू किडेही भलत्याच जातीवर शोधले गेले व प्रयोग फसले. १९७२ साली तिला स्वतंत्र जात म्हणून नाव मिळाले, १९७८ साली आग्नेय ब्राझीलमध्ये तिचे माहेर सापडले, आणि तेथे तिच्यावर जगणारा दोनेक मिलिमीटरचा एक सोंडकिडा १९८० साली ऑस्ट्रेलियाच्या मूनडारा सरोवरात सोडण्यात आला. वर्षभरात सुमारे दोनशे हेक्टरांवरचा गालिचा कुजून बुडाला. गंमत अशी, की हा किडासुद्धा आधी दुसऱ्याच नावाखाली मोडत होता. १९८५ साली त्याचे स्वतंत्र नामकरण झाले. पुढे केरळातील कालव्यांतही तो यशस्वी ठरला. पण हाही एक आगंतुकच. तो सोडण्यापूर्वी अन्य वनस्पती त्याच्या तोंडी लागणार नाहीत ना, याची कसून परीक्षा झाली होती. पर्चच्या वेळी झाली नव्हती ती हीच परीक्षा.

या संग्रहातील मला सर्वांत मोलाचा वाटलेला भाग पूर्व विदर्भातील माजी मालगुजारी तलावांविषयीचा आहे. गोंड राजांच्या अमदानीत तळे बांधील त्याला जमीन, या सनदेवर कोहळी समाजाने भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत जे तलाव बांधले त्यांच्या पाण्याचा, मासळीचा व गाळाचा निस्तार, म्हणजे वापराचा हक्क, कोणाचा, हे महसुली दप्तरात नमूद होते. मालगुजारीची महसूलपद्धत गेली, तलाव सरकारजमा झाले, देखभाल सुटली, आणि काठाच्या उथळ पाण्यात अमेरिकेतून आलेल्या बेशरम नावाच्या झुडपी वनस्पतीने तळ ठोकला. तिचे देठ मोडून फेकले तरी पडल्या जागी मूळ धरतात, गुरे तिला तोंड लावीत नाहीत, आणि तिच्या दाट जाळीत पाणकोंबडीलाही वाट सापडत नाही. त्याच सुमारास उत्पन्न वाढावे म्हणून गवत्या व सायप्रिनस हे परके मासे सोडले गेले. गवत्याने पाण्याखालचे गवत संपविले, सायप्रिनसाने तळ उकरून पाणी गढूळ केले. अर्जुनी मोरगावच्या परिसरात ढिवर समाजातील स्त्रियांनी कमरेइतक्या चिखलात उभे राहून बेशरम मुळासकट उपटली, तळ नांगरून घेतला आणि पाण्याखाली वाढणाऱ्या देशी वनस्पती हातांनी लावल्या. कोणत्या वनस्पतीत कोणता मासा अंडी घालतो हे ज्ञान त्यांच्याकडे पूर्वापार होतेच. देशी मासे परतले. या कामाचे वर्णन लेखकाने विस्ताराने केले आहे, आणि ते करताना स्त्रियांच्या तोंडची माशांची नावे जशीच्या तशी ठेवली आहेत, हे त्याने फार चांगले केले.

पुस्तक कोणत्याही एका पक्षाचा कैवार घेत नाही. सर्व लेखकांची मते एक नाहीत. एकाने चिलापीची जवळजवळ वकिलीच केली आहे, आणि मला ती पटली नसली तरी ती गाळावी असे संपादकांना मी सुचविले नाही. लोणारसारखी खारी सरोवरे, खाड्या व दलदली यांना हात घातलेला नाही. शास्त्रीय नावे आवश्यक तेथेच दिली आहेत. भाषा मुद्दाम पोरकट केलेली नाही. बारा-चौदा वर्षांच्या वाचकाला जो शब्द अडेल तो त्याने घरात विचारावा, अशी अपेक्षा आहे.

शेवटी काही कोरे तक्ते छापले आहेत. आपल्या गावच्या तळ्यात कोणकोणते जीव आहेत, कोणता कधीपासून आहे, तो कोणी आणला व कशासाठी, असे त्यांत रकाने आहेत. पहिला रकाना भरायला काठावर दोन सकाळी घालविल्या तरी पुरेत. बाकीच्यांसाठी मात्र म्हाताऱ्या कोळ्यांकडे, मच्छीमार सोसायटीच्या जुन्या वह्यांकडे आणि जिल्ह्याच्या गॅझेटिअरकडे जावे लागेल, आणि ‘कोणी आणला’ हा रकाना संपादकांनी इतरांपेक्षा रुंद ठेवला आहे.